आधी ब्रेक, मग ओ

घरून,
४ मार्च

चि. भिंगरीस,
आईचे अ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन असताना आईला हे काय खूळ सुचलं म्हणशील, तर ऐक. परवा मी फोनवर जीव तोडून बोलत होते आणि तू नुसतं हो आई, हो आई करत होतीस. मागे इस्त्री आपटल्याचा आवाज, कुणीतरी तुला चहा विचारतंय, आणि मधेच तू तिसऱ्याच कुणाला सांगितलंस की मला सहाला उठव. शेवटी मी म्हटलं की तुझा मामा या वयात बोहल्यावर चढतोय. त्यावरही हो आई! मामा शेजारीच बसला होता, त्याला ठसका लागला.

म्हणून पत्र. माझं चौथीपर्यंतचं अक्षर आहे, ते लावायचं तर मान खाली घालून वाचावंच लागेल. तेवढा वेळ तरी तू एका जागी असशील.

आमच्या धुलाई कारखान्यात सगळ्यांना कळलंय की तू बस चालवणार. कळलंय म्हणजे मीच सांगितलं. इस्त्रीच्या तापलेल्या रुळांत ओल्या चादरी सोडणाऱ्या दोघींना सांगितलं, माझ्यासोबत या टोकाला घड्या घालते तिला सांगितलं, आणि हॉस्पिटलच्या चादरी घेऊन येतो त्या गाडीवाल्याला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यानं नाक मुरडलं. म्हणे एवढं मोठं धूड बाईमाणसाला आवरेल का. मी त्याला म्हटलं, माझी पोर एका हातानं भांडी विसळायची, दुसऱ्या हातात पुस्तक धरायची, पायानं दार लोटायची, आणि एवढ्यात मी हाक मारली तर तोंडातला घास गिळायच्या आत ओ द्यायची. चार कामं एका वेळी. उगाच नाही तिला भिंगरी म्हणत आम्ही. तुझ्या धुडात चाक एकच असतं ना हातात? मग झालं तर.

परीक्षा कधी आहे ते कळव. मामा विचारतोय की गणवेशाची बाही लांब होते का. शिवणकाम सोडून इतकी वर्षं झाली तरी त्याच्या गळ्यातला टेप निघत नाही. तिथल्या शिंप्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही.

बाकी ठीक. माया आहेच, ती काही पत्रात मावत नाही. उत्तर मात्र यायला हवं.

तुझी आई


चालक प्रशिक्षण केंद्र, मुलींचं वसतिगृह
१३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एका जागी बसून वाचलं, शपथ. मामाचं माझ्यातर्फे अभिनंदन कर. मुलगी कोण आहे?

आई, आता पुढचं वाचताना ओरडू नकोस. मी परीक्षेत नापास झाले.

सगळं सांगते. एका खोलीत बसच्या केबिनसारखी खुर्ची ठेवली आहे. खरं स्टिअरिंग, खरे पेडल, समोर पडद्यावर रस्ता. पहिल्या भागात नुसता लाल ठिपका दिसला की ब्रेक मारायचा. त्यात मी अख्ख्या तुकडीत पहिली आले. पाय असा पडायचा की शेजारच्या मुली बघायला आल्या. मग दुसरा भाग. तेच काम, पण आमचे परीक्षक शेजारी उभे राहून बोलत राहतात. त्यांना आम्ही सगळे प्रश्नपेटी म्हणतो. घरी कोण कोण असतं, आई काय करते, काल रात्री काय जेवलीस, सत्तावीसमधून नऊ गेले किती. मी एकेक उत्तर दिलं, नीट, प्रत्येकाला सर लावून. एवढ्यात पडद्यावर चेंडूमागे धावत एक मूल आलं. मी म्हणत होते, अठरा, सर. पाय गेला ब्रेकवर, पण अठरा म्हणून झाल्यावर. पडद्यावरचंच मूल होतं गं, पण खुर्चीतून उठल्यावर मी पडद्यामागे जाऊन बघून आले.

नंतर प्रश्नपेटीनं समजावलं की हे सगळ्यांचंच होतं. आपल्याला वाटतं आपण दोन कामं एकदम करतोय, पण डोकं एकाकडून दुसरीकडे पळत असतं, आणि ते पळेपर्यंत ब्रेक वाट बघत बसतो. तरुण असलो तर उशीर थोडा, वय वाढलं की तोच उशीर वाढतो. आमच्यात एक ट्रकवाले काका आहेत, तुझ्याएवढे असतील, त्यांना ट्रक सोडून बस हवी आहे, रोज घरी जाता येतं म्हणून. पहिल्या भागात ते माझ्या पाठोपाठ होते, किंचितच मागे. बोलायला लागल्यावर मात्र पडद्यावरच्या दुधाच्या गाडीत थेट घुसले, आणि घुसल्यावरही काल काय जेवलो ते आठवत होते.

एक संधी आणखी आहे, पुढच्या महिन्यात. तेव्हाही चुकले तर तिकीट खिडकीवर बसवतील. मला खिडकी नको आहे, आई. मला गाडी हवी.

गंमत बघायची असेल तर मामाची लाकडी पट्टी घे. एकानं ती वरून टोकाला धरायची, दुसऱ्यानं खाली बोटं उघडी ठेवायची. न सांगता सोडायची आणि चिमटीत पकडायची. जितक्या खाली पकडली तितकी चपळ. मग तेच बारा महिने उलटे म्हणत करायचं. तुलाच कळेल.

आणि हे धुलाईत सांगू नकोस, तुझ्या पाया पडते.

लोभ आहे तसाच राहू दे, नापास मुलीवर जरा जास्तच.

तुझी भिंगरी


घरून,
२१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

नापास झालीस हे वाचलं आणि पहिल्यांदा मला तुझा नाही, त्या माणसाचा राग आला. गाडी चालवायला घेतलंय की सत्तावीसमधून नऊ वजा करायला? पण मग वाटलं, गाडीत बसलेले लोक याहून आगाऊ असतात. थांबा आला का, भाडं किती, दार उघडा. तेव्हा तो करतो ते बरोबरच करतो. हे त्याला सांगू नकोस.

धुलाईत सांगितलं. उगाच लपवाछपवी मला जमत नाही. आधी सांगितलं की पहिल्या भागात माझी पोर अख्ख्या तुकडीत पहिली, आणि मग सांगितलं की दुसऱ्यात आपटली, पण पुन्हा उठणार आहे. गाडीवाला हसला. हसू दे.

आता पट्टीचं. वरच्या मजल्यावर ती तरणी नर्स राहते ना, तिला रविवारी खाली बोलावलं. गप्प उभं राहून तिनं पट्टी छान धरली. तुझा मामा सदुसष्टचा, त्यानं तिच्यापेक्षा दोन बोटं वर धरली असेल, बस. तो लगेच मिशीला पीळ द्यायला लागला. मग महिने उलटे. नर्सबाई तरणी, तरी तीही घसरली, पट्टी निम्मी निसटल्यावर तिच्या हातात आली. मामाचं तर काय सांगू! पट्टी जमिनीवर पडून आडवी झाली, आणि हा बोटं उघडी ठेवून ऑगस्ट ऑगस्ट करत उभा. मी इतकी हसले की बरगडीत कळ आली. मग माझी पाळी. मला महिने वगैरे नको, तुम्ही मला काहीही विचारा म्हटलं. मामानं विचारलं की पाण्याचा नळ बंद केलास का. मी म्हटलं केला. पट्टी खाली. पुन्हा विचारलं. पुन्हा मी उत्तर दिलं, पुन्हा पट्टी खाली. शेवटी नर्स म्हणाली, मावशी, उत्तर नका देऊ. आणि पोरी, मला ते जमेना. विचारलं की माझं तोंड उघडतंच. प्रश्न तसाच लटकत राहिला की मला खाज सुटते.

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. तू मुलाला पाहिलं नाहीस असं नाही. तू हळू आहेस असंही नाही. तू ओ दिलीस! मोठ्या माणसानं विचारलं की आधी उत्तर, मग हातातलं काम, हे मी तुला तू एवढीशी होतीस तेव्हापासून लावलंय. तोंडात पेस्ट असली तरी ओ. दार लावून अंघोळ करत असलीस तरी ओ. आणि ते मी बरोबरच लावलं. घरात माणसानं हाक मारावी आणि पोरीनं भिंतीसारखं गप्प बसावं, हे मला आजही चालणार नाही.

पण घर वेगळं आणि गाडी वेगळी. म्हणून आता नवीन नियम सांगते, तोही मीच सांगते. पाय पेडलवर असेपर्यंत तुझ्यापेक्षा मोठं जगात कुणी नाही. परीक्षक नाही, मामा नाही, मी नाही. आधी ब्रेक, मग ओ. कुणाला राग आला तर त्याला माझा पत्ता दे.

तुझ्या ट्रकवाल्या काकांनाही सांग. आपल्या वयाला दोन्ही जमत नाही म्हणून हात टेकायचे नाहीत. एक टाकून द्यायचं.

इतकं लिहून हात दुखला. आता पास होऊनच लिही.

तुझी आई


घरून,
३ एप्रिल

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक शुभाशीर्वाद.

तुझ्या आईला न सांगता हे लिहितो आहे. ती बाजारात गेली आहे आणि पट्टीही सोबत नेली आहे, यावरून काय ते समज.

पहिली गोष्ट, माझं लग्न ठरलेलं नाही. शेजारचे दोघे पेढे मागून गेले.

दुसरी गोष्ट. तुझी आई कामावर बोलत नाही. वाचलंस ते बरोबर वाचलंस. रूळ फिरायला लागले की तोंड बंद. म्हणे तापलेल्या रुळाशी हात असताना उत्तरं द्यायला मी काय उत्तरपेटी आहे? सोबतच्या बायकांना वाटलं हिचा घसा गेला, एकीनं औषध आणून दिलं, दुसरीनं घरी येऊन मला विचारलं की भावाबहिणीचं काही बिनसलंय का. रूळ थांबले की मात्र साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं आणि जेवणाची सुट्टी कुणाला पुरत नाही.

त्या गाडीवाल्यालाही तिनं सोडलं नाही. त्याच्यापुढे पट्टी धरली. गप्प असताना त्यानं ती झकास पकडली आणि छाती काढली. मग हिनं पट्टी सोडता सोडता विचारलं की बायकोचा वाढदिवस कधी असतो. पट्टी त्याच्या बुटावर पडली आणि तो छताकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तो तुझ्याबद्दल अदबीनं विचारतो.

माझं म्हणशील तर मला मिशी कापून टाकावीशी वाटली. पण तुझ्या आईनं मला एक शिकवलं आहे. रस्ता ओलांडताना ती माझं कोपर धरते आणि पलीकडच्या फुटपाथपर्यंत एक अक्षर बोलू देत नाही. पूर्वी मी बोलत बोलत ओलांडायचो आणि मध्येच थबकायचो, पाय पुढे टाकायचा की वाक्य पुरं करायचं ते कळायचं नाही. आता गप्प जातो आणि सरळ जातो. वय वाढलं आहे हे मान्य करायला मला जड गेलं, पण पलीकडे पोचल्यावर बरं वाटतं.

तुझी आई रोज संध्याकाळी टपालाच्या वेळी दारात उभी असते. विचारलं तर म्हणते हवा खातेय.

प्रकृतीस जप. मामाकडे पाठ फिरवू नकोस एवढीच अपेक्षा.

तुझा मामा


वसतिगृह,
१७ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पास!

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण तू बाकीचं उभ्या उभ्या वाचणार. आता बस आणि वाच.

तुझा नियम पाळणं सोपं नव्हतं. ट्रकवाले काका आणि मी रोज संध्याकाळी सराव केला. एकानं खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं मागून विचारायचं. पहिले काही दिवस माझं तोंड पायाच्या आधी उघडायचं. काकांनी हाक मारली की मी ओ देऊन मोकळी. काकांनी मग ओठांत पेन्सिल धरायला लावली. ते स्वतः म्हणाले की त्यांच्या वयाला बोलणं आणि बघणं दोन्ही झेपत नाही हे त्यांना पडद्यावरच्या दुधाच्या गाडीनं पटवलं, तेव्हा ते आता प्रश्न कानात शिरूच देत नाहीत, नुसता डावा हात जरासा वर करतात. म्हणजे थांबा, नंतर. तुझा निरोप त्यांना दिला. एक टाकून द्यायचं, हे त्यांनी केबिनच्या खोलीत दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं.

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपेटी शेजारी येऊन उभे राहिले आणि सुरू झाले. घरी कोण असतं. मी गप्प. आवडता रंग कुठला. गप्प. बत्तीसमधून चौदा. आई, उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं, मी ते दातांनी धरून ठेवलं. एक कुत्रा आला, ब्रेक. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, ब्रेक. मग प्रश्नपेटीनं आवाज चढवला आणि विचारलं की मोठ्या माणसांना उत्तर द्यायचं असतं हे तुझ्या आईनं तुला शिकवलंच नाही का.

 तुझं नाव निघालं म्हटल्यावर मी एरवी त्यांना सोडलं नसतं. आणि नेमकं त्याच क्षणी चेंडू आला, मागून ते मूल. पाय खाली गेला. गाडी थांबली, चेंडूच्या अलीकडे. मी हँडब्रेक ओढला, वळले आणि म्हटलं की आईनं शिकवलंय सर, आणि गाडी चालू असताना द्यायचं नाही हेही तिनंच शिकवलंय. आता विचारा. घरी आई आणि मामा, रंग पिवळा, अठरा.

 प्रश्नपेटीनं वहीत लिहिलं आणि दाराशी जाऊन म्हणाले की आईला माझा नमस्कार कळव. तो कळवला.

काकाही पास झाले, काठावर. अर्धा वेळ त्यांचा हात वरच होता. प्रश्नपेटी म्हणाले की यांच्याकडून एकही उत्तर मिळालं नाही आणि हेच हवं होतं.

पुढच्या महिन्यात मार्ग मिळेल. एक वर्षभर कुणीतरी सोबत असेल, मग एकटी. आई, मी गाडी चालवणार.

पायावर डोकं ठेवते. लोभ कर, पण प्रवाशांसमोर नको.

तुझी भिंगरी


घरून,
११ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्याकडून परत पोचलो. मामाचे पाय सुजलेत पण तोंड खुशीत आहे.

तू पुढे बघत होतीस, म्हणून मागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. नंतर तुला वेळ नव्हता, मला सुचलं नाही. तर आता लिहिते.

न सांगता आलो, कारण सांगितलं असतं तर तू आरशात मलाच बघत बसली असतीस. मधल्या थांब्यावर मागच्या दारानं चढलो आणि गर्दीतून सरकत तुझ्या पाठीमागच्या बाकावर बसलो. शेजारी तुझ्या सोबतीचा चालक, तुझी मान सरळ. टोपीखाली वेणी आत खोचलेली. बाही मामाला पसंत पडली नाही, तो हळूच म्हणाला की खांद्यात झोल आहे, मी त्याला कोपर मारलं. तुझ्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. मी वाचली. दोन थांबे मी तोंड शिवून बसले. मामा साक्षीला आहे.

मग राहवलं नाही. एवढी मोठी गाडी, एवढी माणसं, कुणी झोपलंय, कुणी पेपर वाचतंय, आणि सगळ्यांना माझी पोर नेतेय हे कुणाला माहीतच नाही. मी हाक मारली. भिंगरे! तू ओ दिली नाहीस. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा मारली, चांगली खणखणीत. सगळी बस वळून बघायला लागली, एक तू सोडून. कातडी बॅग मांडीवर घेतलेल्या एका गृहस्थानं मला पाटी दाखवली आणि म्हणाला बाई, वाचता येत नाही का. मी म्हटलं चौथीपर्यंतचं येतं, आणि ती माझी मुलगी आहे. तो म्हणाला मग तर तुम्हीच गप्प बसायला हवं. मामा त्याच्या बाजूनं मान हलवत होता. घरी आल्यावर त्याला ऐकवलंय मी.

आणि तेवढ्यात तो सायकलवाला. फोन कानाला, एक हात सोडलेला, गल्लीतून सरळ तुझ्यासमोर. तरणाताठा पोरगा, बोलत होता, त्याला गाडी दिसलीच नाही. उभी माणसं पुढे गेली, मागे आली, माझी पिशवी घसरत तुझ्या खुर्चीखाली गेली. गाडी थांबली होती. तो पोरगा सायकलसकट वाकला, उभा राहिला, आपल्याकडे बघितलं आणि निघून गेला. फोन कानालाच. लोक कुरकुरले की केवढा धक्का दिला, पेपरवाल्यानं पान पुन्हा उघडलं. काय टळलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी पाहिलं. माझी दुसरी हाक अजून तुझ्या कानात असणार, आणि तुझा पाय खाली गेलेला होता.

मग मी त्या बॅगवाल्याकडे वळले आणि त्याला सांगितलं की ही बघा, ही माझी मुलगी, आईनं हाक मारली तरी उत्तर देत नाही. इतक्या मोठ्यानं सांगितलं की मागच्या दारापर्यंत गेलं. तो माणूस बॅग सावरत म्हणाला की देव करो आणि कधी उत्तर न देवो. उतरताना त्यानं मला नमस्कार केला.

शेवटचा थांबा आला. सगळे उतरले. तू ब्रेक ओढलास, किल्ली फिरवलीस, इंजिन बंद झालं, आणि मग मागे वळून म्हणालीस, ओ.

एवढी उशिरा ओ मला घरात कुणी दिली असती तर त्याचं काही खरं नव्हतं. तिथं मात्र मी उगाच पिशवी कुठे गेली म्हणून विचारत बसले. मामानं डोळे पुसले, म्हणे धूळ गेली.

त्या वेळी बोलायचं राहिलं ते हे. मी पुन्हा येणार आहे. पुन्हा त्याच बाकावर बसणार आहे आणि मला माझी ओळख आहे, पुन्हा हाक मारणार आहे. ओ देऊ नकोस.

माझी माया तुझ्याजवळ आहेच. ती वाट बघेल, तिला घाई नाही.

तुझी आई